फसलेला टेक

१

संकलनाच्या खोलीत शिरलं की ती आधी चपला काढायची, मग खिडकीचा जाड पडदा ओढून घ्यायची, मग एसी लावून खोली गार होईपर्यंत खुर्चीत नुसती बसून राहायची. इतक्या वर्षांत हा क्रम मोडला नव्हता. समोर दोन मॉनिटर, हाताशी कीबोर्ड, भिंतींना आवाज गिळणारा करडा फोम. बाहेर टळटळीत दुपार असली तरी आत कायम तिन्हीसांज.

सध्या हातात होता 'कपाटातला पाहुणा'. लॉजवर उतरलेला एक पाहुणा पहिल्याच मुक्कामात मरतो, बोभाटा नको म्हणून मालक त्याला कपाटात कोंबतो, आणि पुढे जो कुणी कपाट उघडेल त्याच्या अंगावर ते मढं कोसळतं. एवढीच गोष्ट. थिएटरात लागला तेव्हा सिनेमा सपशेल आपटला. लोक भुताला हसले आणि विनोदाला घाबरले, असं तेव्हा कुणीसं म्हटलं होतं. पण पुढे कॅसेटवर तो हॉस्टेलांमधून हातोहात फिरला आणि त्याला असे भक्त मिळाले की ज्याचं नाव ते. आता एक कंपनी त्याची नवी डिस्क काढत होती. चित्र धुऊनपुसून लख्ख केलेलं, आणि सोबत खास पुरवणी: वगळलेले प्रसंग, कलाकारांच्या गप्पा, आणि ज्यासाठी सगळे टपून बसले होते ते फसलेले टेक.

मढ्याचं काम केलं होतं तिच्या नवऱ्याने. ताडमाड आणि काटकुळा. सगळं युनिट त्याला बांबू म्हणायचं. ती तेव्हा तिथे सहायक संकलक होती, तीही बांबूच म्हणायची, आणि लग्न झालं तरी ते नाव काही सुटलं नाही. सिनेमात त्याला वाक्य एकच होतं. शेवटी कोसळल्यावर तो एक डोळा उघडून विचारतो, "आता तरी जरा पडू देता का?" लोकांनी ते शर्टांवर छापून घेतलं होतं.

बांबूला जाऊन काही वर्षं झाली होती. फुप्फुसांनी दगा दिला.

"आई, हे काम दुसऱ्या कुणाला करू दे ना," लेक म्हणाली होती. ती औषधांच्या दुकानात कामाला होती, मायलेकी एकत्रच राहायच्या. "रोज बाबांना बघत बसशील. धरलेली खपली काढायची कशाला?"

"दुसऱ्या कुणी त्याला कापलेला मला बघवणार नाही," ती म्हणाली.

२

जुन्या डब्यांमधून निघालेली रिळं कंपनीने संगणकात उतरवून पाठवली होती. ती एकेक टेक बघत होती, हसू येईल ते बाजूला काढत होती. कपाटाचा टेक लागला. मोलकरीण झालेली नटी दार उघडते, बांबू फळीसारखा खाली येतो, नटीला किंचाळायचं असतं पण ती फिस्सकन हसते, बांबूचं पोट हलायला लागतं, आणि कॅमेऱ्यामागून दिग्दर्शकाचा, दादांचा, खर्जातला आवाज येतो: "कट."

हा टेक तिने तेव्हाही पाहिला होता. ती पुढे जाणार, एवढ्यात हात थांबला.

मढ्याच्या काळ्या कोटाच्या आत, गळ्याशी, हिरवी कड दिसत होती.

तिने चित्र मोठं केलं. बाटलीच्या रंगाचा हिरवा स्वेटर, आणि गळपट्टी तेवढी करड्या लोकरीची. असा स्वेटर जगात एकच होता. बांबूच्या शेवटच्या आजारपणात, हॉस्पिटलच्या बाकावर बसून तिने तो विणला होता. गळ्याशी येता येता लोकर संपली, दुकानात तो रंग मिळेना, म्हणून गळपट्टी करडी झाली. घालून दाखवताना बांबू म्हणाला होता, "गळ्याशी येणं म्हणतात ते हेच." आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली होती.

सिनेमा त्याच्या कितीतरी वर्षं आधीचा. तेव्हा त्यांचं लग्नही व्हायचं होतं.

ती डोकं शांत ठेवणारी बाई. तिने स्वतःची समजूत घातली. हिरवे स्वेटर पैशाला पासरी मिळतात. शूटिंग थंडीत होतं, कपडेपटातलं काहीतरी आत चढवलं असेल. आणि आपण हा शॉट तेव्हा इतका बारकाईने पाहिलाच कुठे होता?

तरी जेवणाच्या सुट्टीत ती घरी गेली. कपाट उघडलं. स्वेटर होता, तिने ठेवला होता तसाच, घडी घालून, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. तिला स्वतःचंच हसू आलं. म्हातारचळ लागला, दुसरं काय. घडी परत ठेवताना अंगठा गळपट्टीवरून फिरला आणि चिकटला.

करड्या लोकरीवर पांढरा डाग होता. तिने तो बोटांवर घासला. तेलकट, गार. नाकाशी नेला. रंगभूषाकार मढ्याच्या तोंडाला फासायचा त्या रंगाचा वास तिला डोळे मिटूनही ओळखू आला असता.

३

या गोष्टी कुणाला सांगणार? सांगितल्या तर लेक हातात गोळ्या ठेवील. ती कामाला लागली.

कंपनीच्या मॅनेजर बाईंचा फोन आला. गोड बोलायच्या. "ताई, टेक एकदम भारी आहेत. फक्त प्रत्येकाच्या शेवटी ते 'कट, कट' ऐकू येतं, तेवढं काढता का? हसण्याचा ओघ तुटतो."

मागणी वाजवी होती. तिने सगळ्या टेकांचे शेवटचे शब्द छाटले. मग कपाटाचा टेक लावून बघितला.

दार उघडलं, बांबू कोसळला, नटी हसत चौकटीबाहेर गेली. इथे टेक संपायला हवा होता. तो संपला नाही. बांबू जमिनीवर उठून बसला, गुडघा चोळला, आणि थेट भिंगात बघत म्हणाला, "झालं?"

तिचा हात तोंडावर गेला. आवाज त्याचाच होता, पण पंचविशीतला नव्हता. शब्दाच्या मागे बारीक शीळ होती. शेवटच्या महिन्यांत त्याचा प्रत्येक श्वास तशी शीळ घालून बाहेर यायचा.

समोरच्या खोलीत आवाजाचं काम करणारा तिचा जुना सहकारी होता. कान इतका तिखट की त्याला सगळे कानसेन म्हणायचे. तिने त्याला बोलावलं, "जरा ऐक" एवढंच म्हणाली. त्याने हेडफोन चढवले, डोळे मिटले.

"मागे काहीतरी चालू आहे," तो म्हणाला. "मशीन आहे. पंखा नाही, फ्रीज नाही. सुस्कारा टाकतं, थांबतं, परत टाकतं. सेटवर असलं काय होतं हो?"

बांबूचं ते ऑक्सिजनचं मशीन तिच्या पलंगाशेजारी दोन हिवाळे चाललं होतं. त्याचा सुस्कारा थांबला त्या पहाटे शांततेने तिला जाग आली होती.

"काढून टाकू? चुटकीसरशी साफ होईल."

"हात लावू नकोस त्याला."

कानसेनने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. "ताई, घरी जाता का? मी रिक्षा बघतो."

"बरी आहे मी," ती म्हणाली. आणि खरं सांगायचं तर, तो गेला तेव्हा ती आनंदाने थरथरत होती.

४

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. चपला काढायचं भान नाही, पडद्याचं नाही. टेक लावायची, संपला की पुन्हा लावायची. दर वेळी तो थोडा लांबायचा. बांबू इकडेतिकडे बघायचा, कानोसा घ्यायचा, काहीतरी पुटपुटायचा. एकदा स्पष्ट म्हणाला, "दमलो गं." समोर नटी नव्हती, कुणी बाई नव्हती. हा 'गं' आपल्याचसाठी, हे तिला सांगावं लागलं नाही. ती मॉनिटरला कपाळ लावून रडली. नवरा गेल्यावर ज्या बाईला त्याचा आवाज स्वप्नातही ऐकू आला नव्हता, तिला आता मागेल तेव्हा तो मिळत होता. ती मागत राहिली.

त्याच धुंदीत तिने फसल्या टेकांची सगळी पुरवणी जुळवली आणि कंपनीकडे पाठवून दिली.

मग एका सकाळी, टेक चालू असताना, तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्यावरून हातांकडे गेलं. कोपर खरचटलं होतं. तिने नीट पाहिलं. ओठ फुटला होता, पांढऱ्या रंगाला तडे गेले होते आणि तड्यांतून घाम येत होता. तिने परत लावला. बांबू कोसळला तो सावरायला हात पुढे न करता, थेट तोंडावर. हनुवटीचा आवाज झाला. बऱ्याच वेळाने त्याने एक डोळा उघडला.

"आता तरी जरा पडू देता का?" तो म्हणाला.

ते हसवायला म्हटलेलं नव्हतं.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख पडलं. ती बघते तेव्हा त्याला उठावं लागतं. कपाटात शिरावं लागतं, दार ओढून घ्यावं लागतं, आणि कोसळावं लागतं. आपण त्याला भेटायला येतो असं तिला वाटत होतं, आणि तो तिकडे हाडं मोडून घेत होता.

तिने चित्र थांबवलं. थांबलेल्या चित्रात त्याची छाती वरखाली होत होती.

मूळ फाइल उघडली. तिथे तरी दादांचा 'कट' असेल. नव्हता. कानसेनला बोलावलं, त्याने आवाजाचे सगळे पट्टे धुंडाळले. "दादांचा आवाज या रिळात कुठेच नाही. होता ना?"

"होता. रिळं आली तेव्हा तूही ऐकलायस."

"ऐकलाय," तो म्हणाला, आणि का कोण जाणे, दाराजवळ जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या प्रसंगातला 'कट' आणून तिने टेकच्या शेवटी चिकटवला. बांबूने आवाज आला त्या दिशेला मान वळवली. आशेने वाट पाहिली. मग हळूहळू मान हलवली. नटाला खरा कट कळतो.

तिने मॅनेजर बाईंना फोन लावला. "तो कपाटाचा टेक काढायचाय. पाया पडते तुमच्या."

"अहो ताई, असं काय करता? डिस्का छापून झाल्या, दुकानांत पोचायला लागल्यात. आणि रविवारी दुपारी हॉलमध्ये पुरवणीचा खेळ ठेवलाय ना, तुम्हाला यायचंय. तुमचे मिस्टर लोकांचे किती लाडके आहेत, तुम्हाला कल्पना नाही."

रविवार परवावर आला होता.

५

'कट' म्हणायचा अधिकार सेटवर एकाच माणसाचा. ती लॅपटॉप काखोटीला मारून दादांच्या घरी गेली.

दादांना अर्धांगवायू होऊन बरेच दिवस झाले होते. त्यांची थोरली बहीण, आक्का, त्यांचं सगळं करायची. खिडकीशी चाकाची खुर्ची, खुर्चीत दादा, गळ्याला टॉवेल बांधलेला. युनिट ज्यांच्या एका खाकरण्याने गप्प व्हायचं ते हे.

"बोलणं पार गेलंय गं," आक्का म्हणाली. "कळतं सगळं, पण शब्द फुटत नाही. पाणी मागायचं तरी डोळ्यांनी. तू कशाला आलीस एवढी धावत? चेहरा बघ आरशात."

"आक्का, मला फक्त एक शब्द हवाय त्यांचा."

"एक शब्द मलाही हवाय," आक्का म्हणाली आणि पाण्याचं भांडं घेऊन आत गेली.

तिने लॅपटॉप दादांच्या मांडीवर ठेवला. "दादा, बांबू अजून टेकमध्येच आहे. तुम्ही कट म्हटल्याशिवाय तो पडून राहणार नाही. तुमचं ऐकल्याशिवाय तो कधी हललाय का?"

दादांचा एक डोळा तिच्यावर स्थिर झाला. वेड लागलंय हिला, असं त्यात नव्हतं. तिने टेक लावला आणि स्वतः तोंड फिरवलं.

धप्प. नटीचं हसणं. मग शीळ घालणारा श्वास आणि मशीनचा सुस्कारा. आक्का दारात येऊन उभी राहिली. "हे काय वाजतंय?" तिने विचारलं, आणि मग पडदा दिसल्यावर दाराची चौकट घट्ट धरली.

दादांच्या मानेच्या शिरा टरारून फुगल्या. शाबूत हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायला लागला. तोंड एका बाजूने उघडलं, लाळ टॉवेलवर आली, घशातून घरघर निघाली. "राहू दे," आक्का म्हणाली, "जीव जाईल त्याचा." ती मात्र गुडघ्यांवर बसली, त्यांचा हात धरला, आणि तिला स्वतःची लाज वाटली तरी म्हणाली, "दादा, अजून थोडं."

"क...ट."

वेडावाकडा, ओला, पण दादांचा. लॅपटॉपवर बांबूने डोळे मिटले. छाती खाली गेली, ती वर आली नाही. पडदा काळा झाला.

आक्का भावाचं तोंड पुसत रडत होती. किती दिवसांनी तिने त्याचा आवाज ऐकला होता.

शनिवारी सकाळी आक्काचाच फोन आला. "गेला. झोपेतच. तुझ्यामुळे एक शब्द तरी ऐकला मी." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

फोन ठेवून तिने टेक एकदाच उघडून बघितला. तो छोटा होता, पूर्वीसारखा. शेवटी कट होता. दादा जाता जाता दार लावून गेले, असं तिला वाटलं. कट हा एकाच टेकचा असतो, हे तिला, आयुष्यभर फिल्म कापत आलेल्या बाईला, तेव्हा सुचलं नाही.

६

हॉल खच्चून भरला होता. मढ्यासारखी तोंडं रंगवून आलेली माणसं, नवराबायका, चष्मेवाले आजोबा. लेक तिच्या शेजारी बसली होती. तिला आपल्या बाबांसाठी जमलेली गर्दी बघून भरून आलं होतं. "बरं झालं गं तू केलंस हे," ती आईच्या कानात म्हणाली.

फसलेले टेक सुरू झाले. कपाटाचा टेक आला. बांबू कोसळला, हॉल हसला. तिने श्वास रोखून धरला. "क...ट," दादांचा वाकडा आवाज भोंग्यांमधून आला. कुणाला तो वेगळा वाटला नाही. पडदा काळा झाला. ती खुर्चीत मागे टेकली.

आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर."

टाळ्या पडल्या. सगळा हॉल ते दोन शब्द ठेक्यात म्हणू लागला. मशीनवाल्याने खिडकीतून हात हलवला आणि टेक मागे घेतला.

"नको," ती म्हणाली. शेजारच्या लेकीलाही ते ऐकू गेलं नाही.

दार लगेच उघडलं नाही. आतून काहीतरी लाकडावर घासलं. लोक तेवढ्यावरच हसायला लागले. मग बांबू आला. तो कोसळला नाही, ओघळला. पडल्या जागी त्याचा पाय नको त्या कोनात वळलेला होता. हिरव्या स्वेटरची करडी गळपट्टी लाळेने भिजली होती. त्याने मान उचलली आणि कॅमेऱ्यामागच्या त्या जागेकडे बघितलं, जिथे दादा उभे असायचे. तिथे बघत राहिला.

ती उठून उभी राहिली. "कट," ती ओरडली. "कट. अरे, कट म्हणा कुणीतरी."

लोकांना ते कार्यक्रमातलंच वाटलं. शेदीडशे माणसं हसत उभी राहिली आणि ओरडायला लागली, "कट. कट." छप्पर दणाणून गेलं. पडद्यावर बांबूने मान वळवली. आता तो त्यांच्याकडे बघत होता, एकेका रांगेकडे, जणू त्याला इतके दिवस समोर कोण बसलंय हे माहीतच नव्हतं. त्याची नजर तिच्यापाशी येऊन थांबली. तिने दोन्ही हात जोडले.

तो हसला. तिला उशीर झाला की दार उघडताना हसायचा तसा, रागावलो नाही म्हणून सांगणारा. मग कोपरांवर भार देत तो उलटा सरकला, कपाटात शिरला, आणि आतून दार ओढून घेतलं.

"आई, हा टेक असा होता?" लेकीचा आवाज खोल गेला होता. "तो स्वेटर..."

हॉल पुन्हा ठेक्यात ओरडायला लागला होता.

७

डिस्क खूप खपली म्हणतात. तिने संकलनाचं काम सोडलं. लेक तिला डॉक्टरांकडे नेते, ती मुकाट जाते, दिलेल्या गोळ्या घेते. लेक स्वयंपाकघरात रेडिओ मोठ्याने लावून ठेवते, कशासाठी ते दोघी एकमेकींना सांगत नाहीत. आपली प्रत लेकीने मोडून कचऱ्यात टाकली, पण एक प्रत मोडून काय होतंय.

सुट्टीच्या दिवशी दुपारी बिल्डिंग शांत असते. कधी वरच्या मजल्यावर, कधी भिंतीपलीकडे, काहीतरी जड पडल्याचा आवाज येतो. पाठोपाठ माणसं हसतात. ती हातातलं काम ठेवते, आवाज आला त्या दिशेला तोंड करते आणि हलकेच म्हणते, "कट." ओरडत नाही. दादा म्हणायचे तसं, खर्जात, अधिकाराने म्हणायचा प्रयत्न करते. मग कान देऊन उभी राहते.

हसणं ओसरतं. थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही, आणि त्या थोड्या वेळात तिला खरंच वाटतं की जमलं.

मग वरून कुणीतरी म्हणतं, "मागे घे ना जरा. मी नीट बघितलंच नाही."